सहा अंशांचा फोकस

हातातल्या कॅमेऱ्यात फोकस म्हणजे अंतर. माणूस तीन मीटरवर असेल तर कडं तीनवर फिरवलं की झालं. व्ह्यू कॅमेऱ्याचं तेवढ्यावर भागत नाही. पुढच्या चौकटीत भिंग, मागच्या चौकटीत दुधी काच आणि मध्ये पेटीसारखा घड्यांचा भाता. दोन्ही चौकटी वर-खाली, डावी-उजवीकडे सरकतात, झुकतात, वळतात. त्यामुळे स्पष्ट दिसणारं प्रतल कुठे आणि किती तिरकं टेकवायचं, हे कॅमेरावाल्यालाच ठरवावं लागतं.

या प्रतलाचा नियम ज्याच्या नावानं चालतो, तो थिओडोर शाइम्पफ्लुग ऑस्ट्रियाच्या सैन्यात कॅप्टन होता. निसर्गचित्रांशी त्याला देणंघेणं नव्हतं. आकाशातून टिपलेल्या तिरप्या फोटोंवरून नकाशे करायचे होते. त्याचं पेटंट १९०४ चं. झ्यूल कार्पांतिए या फ्रेंच माणसानं १९०१ मध्येच हे हेरलं होतं, पण नाव राहिलं कॅप्टनचं. नियम असा : भिंगाचं, फिल्मचं आणि फोकसचं, अशी तिन्ही प्रतलं एकाच रेषेत मिळतात.

समजा समोर लांबवर पसरलेली फरसबंदी आहे. फिल्म ४ × ५ इंचांची, भिंग १५० मिलिमीटरचं, जमिनीपासून दीड मीटर उंच. मागची चौकट ओळंब्यात ठेवायची आणि भिंग पुढे झुकवायचं. किती? जेमतेम सहा अंश. एवढ्यानं पायाजवळच्या फरशीपासून क्षितिजापर्यंत सगळी जमीन फोकसमध्ये येते. नवखा हात हमखास वीस अंश झुकवतो आणि मग कॅमेऱ्याला दोष देतो.

प्रत्यक्षात हे काम काळ्या कापडाखाली, उलट्या चित्रावर चालतं : आकाश खाली, डावं उजवीकडे. भिंग पूर्ण उघडून आधी लांबच्या कडेवर फोकस घ्यायचा. मग भिंग हळूहळू झुकवत जवळची फरशी स्पष्ट करायची. तोवर लांबचं बिघडलेलं असतं. ते सावरायचं, पुन्हा जवळचं बघायचं. दोन-तीन फेऱ्यांत जमतं, पण काचेला भिंगुळी टेकवल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये. नुसत्या डोळ्याला सगळंच बरं दिसतं. गंमत म्हणजे भिंग एकदा झुकलं, की फोकसची मूठ फिरवल्यावर प्रतल पुढेमागे जात नाही, भिंगाखालच्या एका रेषेभोवती फिरतं. सहा अंशांना ती रेषा जमिनीलगत असते. वीस अंशांना भिंगाखाली फक्त ४४ सेंटीमीटरवर येते.

फरसबंदीवर जवळच एखादा खांब उभा असेल, तर मात्र हीच युक्ती अंगाशी येते. झुकलेल्या भिंगाची स्पष्टतेची खोली पाचरीसारखी असते, कॅमेऱ्याजवळ अरुंद. खांबाचा पाया स्पष्ट आणि डोकं धूसर. अशा वेळी झुकवण्याचा मोह सोडलेला बरा. जवळच्या आणि लांबच्या फोकसमध्ये चौकट किती मिलिमीटर सरकते ते मोजायचं, मधोमध थांबायचं आणि छिद्र बारीक करायचं. तीन मिलिमीटर फरक असेल तर एफ/३२ च्या आसपास निभावतं. माझ्या मते जाहिरातींनी झुकवण्याचं कौतुक फार केलं. रोजच्या कामात भिंग नुसतं वर सरकवणंच जास्त उपयोगी पडतं : मागची चौकट सरळ राहते आणि इमारतीच्या भिंती वर निमुळत्या होत नाहीत.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि तो दर वेळी मिळतोच असं नाही. १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळ छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सनं ८ × १० इंची कॅमेरा घाईघाईनं उभा केला. प्रकाशमापक सापडेना, तेव्हा चंद्राची तेजस्विता आठवून हिशेब केला आणि एफ/३२ वर एक सेकंद दिला. दुसऱ्या निगेटिव्हसाठी फिल्मचा होल्डर उलटा करेपर्यंत समोरच्या दफनभूमीतल्या क्रूसांवरचं ऊन गेलं होतं. त्याचं ‘मूनराइज’ हे छायाचित्र त्या एकाच निगेटिव्हवर उभं आहे.

होल्डरचीही शिस्त असते. फोकस झाला की सगळे स्क्रू आवळायचे, कारण होल्डर सरकवताना मागची चौकट हलते. होल्डर सरकवण्याआधी शटर बंद करायचं, छिद्र ठरल्या आकड्यावर आणायचं आणि मगच फिल्म झाकणारी स्लाइड ओढायची. शटर उघडं राहिलं आणि स्लाइड ओढली, तर फिल्मचा तो कागदाएवढा तुकडा तिथल्या तिथे वाया.