नवा कॉम्प्युटर कधी येणार? थांबावं की घ्यावं, हा अंदाज नेमका कसा बांधायचा?

मराठीत एक म्हण आहे, वेड पांघरून पेडगावला जाणे. म्हणजे सगळं माहीत असून काहीच माहीत नसल्याचं सोंग घ्यायचं आणि आपलं काम साधायचं. या म्हणीशी लोक जे पेडगाव जोडतात ते श्रीगोंदा तालुक्यातलं, भीमेकाठचं, बहादूरगडाचं. पण पेडगाव परभणी जिल्ह्यातही आहे. आणि नव्या कॉम्प्युटरच्या बाबतीत हे सोंग रोज चालू असतं. ते घेतात कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्या. पुढचं मॉडेल कधी येणार हे त्यांना माहीत असतं, पण विचारलं की उत्तर ठरलेलं, "आम्ही न आलेल्या उत्पादनांबद्दल बोलत नाही."

आता समजा, परभणीच्या याच पेडगावात एक तरुण सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पीएम किसानची ई-केवायसी, सगळं एका डेस्कटॉपवर. मशीन जुनं झालंय, त्यात विंडोज १० आहे. नवा घ्यायचाय. पण मोबाईलवर रोज एक व्हिडिओ येतो, "थांबा! पुढच्या दोन महिन्यांत नवी पिढी येतेय." आज घेतला आणि उद्या नवा आला तर? आणि थांबला, तर ऐन हंगामात जुना बंद पडला तर?

हा प्रश्न एकट्या पेडगावचा नाही. म्हणून नवा डेस्कटॉप कधी येणार याचे अंदाज कसे बांधतात, ते किती खरे ठरतात आणि थांबायचं की नाही हे कसं ठरवायचं, ते बघू.

कंपन्या तारीख का सांगत नाहीत?

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे अॅडम ऑसबॉर्न. या माणसाचं बालपण तामिळनाडूत गेलं आणि २००३ मध्ये त्याचं निधनही तिथेच, कोडाईकनालला झालं. त्याच्या अमेरिकेतल्या कंपनीनं १९८१ मध्ये 'ऑसबॉर्न १' नावाचा, उचलून नेता येणारा कॉम्प्युटर आणला. किंमत १,७९५ डॉलर. तो धडाक्यात विकला गेला. मग यापेक्षा भारी मॉडेल येतंय, अशी चर्चा कंपनीकडूनच बाहेर पडली. गिऱ्हाईक म्हणालं, मग थांबतो की. जुना माल पडून राहिला, पैसा अडकला आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली.

कंपनी बुडायला दुसरीही कारणं होती, असं अनेक अभ्यासक सांगतात. पण नाव पडायचं ते पडलंच. पुढच्या मालाची बातमी देऊन आजचा माल मारण्याला 'ऑसबॉर्न इफेक्ट' म्हणतात. तेव्हापासून सगळ्याच कंपन्या जपून बोलतात. कंपन्या गप्प राहतात म्हणून अंदाज लावणाऱ्यांचं दुकान चालतं.

मग अंदाज कशावरून बांधतात?

पहिली खूण म्हणजे मागच्या तारखा. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरचं बघा. बारावी पिढी बाजारात आली नोव्हेंबर २०२१ मध्ये. तेरावी ऑक्टोबर २०२२ मध्ये, चौदावी ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि त्यानंतरची 'कोअर अल्ट्रा २००' मालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये. सलग चार वर्षं दसरा-दिवाळीचाच मोसम. कुणीही म्हणेल, २०२५ च्या दिवाळीतही नवी पिढी येणार.

नाही आली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये डेस्कटॉपसाठी नवी पिढी निघालीच नाही. पुढची पिढी, जिचं सांकेतिक नाव 'नोव्हा लेक' आहे, ती २०२६ च्या अखेरीस येईल असं इंटेलनंच सांगितलं. म्हणजे चार वेळा बरोबर आलेला हिशोब पाचव्या वेळी चुकला.

अॅपलच्या मॅक मिनीचं तर गणितच बसत नाही. एम-१ चिपचा मॅक मिनी जाहीर झाला नोव्हेंबर २०२० मध्ये, एम-२ चा जानेवारी २०२३ मध्ये आणि एम-४ चा ऑक्टोबर २०२४ मध्ये. एकदा २६ महिन्यांचं अंतर, एकदा २१ महिन्यांचं. एम-३ चा मॅक मिनी आलाच नाही. त्याआधी तर २०१४ नंतर थेट २०१८ मध्ये नवा आला, चार वर्षांनी. याची सरासरी काढून तारीख सांगणं म्हणजे चार गावच्या पावसाची सरासरी काढून आपल्या रानात पेरणी करणं.

दुसरी खूण म्हणजे ठरलेले मेळावे. जानेवारीत लास व्हेगासला 'सीईएस' भरतं, मे-जूनच्या सुमारास तैवानच्या तैपेईत 'कॉम्प्युटेक्स'. मोठ्या घोषणा बहुतेक वेळा इथेच होतात. म्हणून या मेळाव्यांच्या आधी एक-दोन महिने अफवांचं पीक जोरात येतं.

तिसरी खूण म्हणजे सरकारी नोंदी. कॉम्प्युटर विकण्याआधी अनेक देशांत त्याची नोंदणी लागते. भारतात सक्तीच्या नोंदणी आदेशानुसार असा माल भारतीय मानक ब्युरोकडे, म्हणजे बीआयएसकडे, नोंदवावा लागतो. या याद्यांवर लोक नजर ठेवून असतात. अनोळखी मॉडेल क्रमांक दिसला की बातमी होते. ही खूण इतरांपेक्षा भरवशाची, कारण कंपनीनं तिथे पैसे आणि कागद खर्च केलेले असतात. पण नोंद झाली म्हणजे विक्री अमुक दिवशी सुरू होईल, असं त्यातून कळत नाही.

चौथी खूण म्हणजे दुकानातला साठा. चालू मॉडेल अचानक मिळेनासं झालं, किंवा त्यावर न मागता सूट मिळायला लागली, की नवं जवळ आलंय असं समजतात. पण साठा संपायला सुट्या भागांची टंचाई किंवा आयातीचे नियमही कारण असू शकतात. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारनं लॅपटॉप, टॅबलेट, ऑल-इन-वन आणि अगदी छोट्या आकाराच्या कॉम्प्युटरच्या आयातीवर परवान्याची अट घातली आणि लगेच अंमलबजावणी पुढे ढकलली. त्या दिवसांत साठ्यावरून काढलेला कुठलाही अंदाज धोक्याचाच होता.

कंपनीनंच तारीख दिली तर ती पक्की का?

तीही पक्की नसते. एएमडीनं रायझन ९००० मालिकेची विक्री ३१ जुलै २०२४ ला सुरू होणार असं स्वतः जाहीर केलं होतं. पहिल्या खेपेतला माल अपेक्षेइतक्या दर्जाचा नाही असं लक्षात आलं आणि तारीख पुढे गेली. काही प्रोसेसर ८ ऑगस्टला आले, काही १५ ऑगस्टला. आठवड्या-दोन आठवड्यांवर आलेली, कंपनीनं सांगितलेली तारीखही हलू शकते, हे यातून दिसलं.

याचं कारण चिप बनवण्याच्या पद्धतीत आहे. एका नव्या प्रोसेसरच्या आराखड्याला काही वर्षं लागतात. आराखडा झाल्यावर कारखान्यात सिलिकॉनच्या चकतीवर शेकडो टप्प्यांचं काम चालतं आणि एक खेप बाहेर पडायला साधारण तीन महिने जातात. शेवटच्या तपासणीत दोष सापडला तर ते तीन महिने दोन दिवसांत भरून काढता येत नाहीत.

आणि एक गोष्ट व्हिडिओवाले सांगत नाहीत. अमेरिकेत विक्री सुरू झाली म्हणजे परभणीच्या दुकानात माल आला असं नसतं. सुरुवातीला महागडे प्रोसेसर येतात. सेवा केंद्राला परवडतील असे स्वस्तातले प्रोसेसर आणि त्यांना चालणारे स्वस्त मदरबोर्ड बऱ्याचदा काही महिन्यांनी येतात. म्हणजे "नोव्हेंबरला येणार" ही बातमी खरी ठरली तरी आपल्या बजेटमधलं मशीन पुढच्या वर्षी मिळेल असं धरून चालावं.

थांबलं की स्वस्त मिळतं, हे तरी खरं का?

जुना नियम तसाच होता. नवी पिढी आली की मागची उतरते, म्हणून थांबणाऱ्याचा फायदा. पण २०२५ च्या शेवटी हा नियम उलटा फिरला. एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते. जगात रॅमच्या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यांनी कारखान्यांची ताकद डेटा सेंटरच्या मालाकडे वळवली. घरगुती कॉम्प्युटरच्या रॅमची टंचाई झाली आणि काही महिन्यांत बाजारात रॅमचे दर दुपटीच्या वर गेले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉननं 'क्रूशियल' हा किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड बंद करण्याची घोषणा केली.

म्हणजे नवा प्रोसेसर येईपर्यंत थांबलेल्याचे प्रोसेसरवर दोन पैसे वाचतील, पण रॅम आणि एसएसडीवर त्याहून जास्त जाऊ शकतात. नव्या पिढीची वाट बघताना संपूर्ण डब्याची किंमत बघायला हवी, फक्त प्रोसेसरची नाही.

मग पेडगावच्या त्या तरुणानं करायचं काय?

त्याच्यासाठी खरी तारीख प्रोसेसरची नाहीच. ती आहे विंडोजची. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षेचे जास्तीचे अपडेट आहेत, पण तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. व्यवसायांना पैसे भरून ते आणखी पुढे, जास्तीत जास्त तीन वर्षं घेता येतात, आणि दर वर्षी दर वाढत जातो.

आता या दोन तारखा शेजारी ठेवा. घरगुती जास्तीचे अपडेट संपणार १३ ऑक्टोबर २०२६ ला. इंटेलची नवी डेस्कटॉप पिढी कंपनीच्याच सांगण्यानुसार २०२६ च्या अखेरीस. म्हणजे जो फक्त या पिढीसाठी थांबेल, तो काही महिने तरी सुरक्षेच्या अपडेटशिवाय काम करेल. स्वतःच्या घरात गाणी ऐकायला मशीन असेल तर एक वेळ चालून जाईल. पण सेवा केंद्राच्या मशीनमधून गावातल्या लोकांचे आधार, बँक पासबुक, जमिनीचे कागद जातात. तिथे चोरी झाली तर नुकसान दुकानदाराचं कमी आणि समोर विश्वासानं अंगठा देणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं जास्त.

म्हणून क्रम असा लावता येतो.

आधी चालू मशीन विंडोज ११ घेतं का ते बघा. त्यासाठी साधारण इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची, टीपीएम २.०, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' नावाचं मोफत अॅप हे दोन मिनिटांत सांगतं. मशीन बसत असेल तर नवं घेण्याची घाईच नाही. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली की जुनं मशीनही चांगलंच पळतं. आणि सेवा केंद्राचं बरंचसं काम ब्राउझरमध्ये चालतं. तिथे अडतं ते सरकारी सर्व्हरवर आणि नेटवर. नव्या पिढीचा प्रोसेसर आणला म्हणून पोर्टल लवकर उघडणार नाही.

मशीन बसत नसेल, तर वाट बघण्याची मुदत आपल्या हंगामावरून ठरवा. जूनमध्ये प्रवेशाच्या दाखल्यांची गर्दी, मग खरीप पीकविमा, ज्याची मुदत साधारण जुलैच्या अखेरीस असते. या दोन महिन्यांत मशीन बदलणं म्हणजे भर पेरणीत बैल बदलणं. प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, त्यांची सॉफ्टवेअर, सगळं नव्यानं बसवून तपासायला चार-आठ दिवस लागतात. म्हणून खरेदी मे महिन्याच्या आत उरकलेली बरी.

आणि घेताना पुढची वाट मोकळी ठेवा. एएमडीच्या एएम-५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यानंतरही आधार देऊ, असं कंपनीनं जाहीर केलंय. म्हणजे आज साधा प्रोसेसर घेऊन पुढे त्याच मदरबोर्डवर नवा बसवता येण्याची शक्यता राहते. रॅमचे स्लॉट रिकामे आहेत का, एसएसडी वाढवता येते का, हे दुकानातच विचारून घ्या.

व्हिडिओवरची 'कन्फर्म' तारीख कशी तपासायची?

तीन प्रश्न पुरे आहेत. ही माहिती कुणाची, कंपनीची, सरकारी नोंदीची की "सूत्रांची"? तारीख घोषणेची आहे की विक्रीची? आणि विक्री कुठली, अमेरिकेतली की इथली? तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत, तर ती तारीख नाही, नुसता अंदाज आहे.

नवं मॉडेल येणार, हे नेहमीच खरं असतं. प्रत्येक मॉडेलनंतर पुढचं असतंच, त्यामुळे उद्याच्या मशीनची वाट बघत बसलं तर ती कधीच संपत नाही. कंपनी वेड पांघरून बसली तरी तिची तारीख तिच्या सोयीची असणार. आपलं काम कधी अडणार, ही तारीख मात्र आपल्याला आधीच माहीत असते. खरेदी तिच्यावरून ठरवावी.