विश्लेषण : रुपया घसरला, भरपाई मात्र साहेबांनाच! काय होता १८९३चा वाद?

रुपया घसरला की परदेशात शिकणाऱ्या मुलांची फी भरताना दादर-गिरगावातल्या पालकांचे गणित बिघडते. ब्रिटिश राजवटीत हीच तक्रार गोऱ्या अधिकाऱ्यांची होती. त्यांना मात्र सरकारी तिजोरीतून भरपाई मिळाली.

तक्रार काय होती?
पगार रुपयांत, पण इंग्लंडमधील कुटुंबाचा खर्च पौंडांत. चांदी स्वस्त होत गेली आणि १८७०च्या सुमारास जवळपास दोन शिलिंगांचा असलेला रुपया १८९३पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. दोन हजार रुपयांचे २०० पौंड होत, ते १२५वर आले.

भरपाईचा हिशेब कसा?
भारतात कायम वास्तव्य नसलेल्या युरोपीय अधिकाऱ्यांच्या निम्म्या पगाराला दीड शिलिंगाचा दर धरला गेला. बाजारभाव सव्वा शिलिंग असेल, तर दोन हजारांच्या पगारावर दरमहा २०० रुपये जादा! पैसे मायदेशी पाठवले नाहीत तरीही.

आक्षेप कोणाचा?
गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढील साक्षीत या भत्त्यावर टीका केली. दादाभाई नौरोजी या आयोगाचे सदस्य होते.

गिरणगावाचे काय?
रुपया सावरण्यासाठी २६ जून १८९३ रोजी टांकसाळींत लोकांच्या चांदीचे रुपये पाडणे थांबले. चीनमध्ये व्यवहार चांदीतच चाले. त्यामुळे आपले सूत तिथे महाग पडते, अशी मुंबईच्या गिरणी मालकांची ओरड होती. परळ-लालबागच्या कामगारांसाठी कुठलाच भत्ता नव्हता. साहेबांच्या भत्त्याचा पैसा मात्र इथल्याच करांतून जात होता.