डाळिंबाच्या बागेतला झोपाळू प्रोसेसर

सोलापूर म्हणजे डाळिंबाचा मुलूख. २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथेच सुरू झाले. बहर धरण्याआधी बागेला पाण्याचा ताण देतात. ताण कमी पडला तर फुले एकसारखी येत नाहीत, जास्त झाला तर झाड खचते. अशा वेळी मातीतला ओलावा मोजणारे उपकरण उपयोगी पडते. पण रानात ते चालते तीन पेन्सिल सेलवर. नेमके ताणाच्या दिवसांत सेल संपले, तर त्या बहराच्या नोंदी कायमच्या हुकतात.

सेल जास्त दिवस पुरावेत म्हणून आम्ही उपकरणातल्या प्रोसेसरचा वेग एक चतुर्थांश केला. विद्युतप्रवाहही एक चतुर्थांश झाला. सेल मात्र लवकर संपले! असे का व्हावे?

शक्ती म्हणजे ऊर्जा खर्च होण्याचा दर. दर चौथाई झाला, पण तेच काम चौपट वेळ चालले. प्रोसेसरची ऊर्जा तेवढीच लागली. शिवाय ओलावा मोजणारा संवेदक तेवढा वेळ जास्त चालू राहिला.

खरी बचत विभवांतर कमी केल्याने होते. प्रोसेसरमधले सूक्ष्म स्विच उघडमीट करताना लहानशा कपॅसिटरसारखे भरतात व रिकामे होतात. ही ऊर्जा विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पुष्कळ शाळांत दिसणाऱ्या अर्डुइनो उनोवरचा एटीमेगा ३२८पी घ्या. तो ४.५ व्होल्टवर २० मेगाहर्ट्झपर्यंत चालतो, १.८ व्होल्टवर फक्त ४ मेगाहर्ट्झपर्यंत. कामाला पाचपट वेळ लागेल, पण ऊर्जा साधारण एक षष्ठांश. अर्थात, इतके कमी विभवांतर संवेदकालाही चालले पाहिजे.

याहून मोठी बचत झोपेत आहे. प्रोसेसरची झोपही दोन प्रकारची. डुलकीत गणन थांबते, पण घड्याळ व इतर भाग चालू राहतात. जाग लगेच येते. गाढ झोपेत जवळजवळ सारेच बंद होते, पण जागे होऊन स्थिर व्हायला वेळ आणि ऊर्जा लागते. म्हणून क्षणभराच्या विश्रांतीला डुलकी बरी, मोठ्या विश्रांतीला गाढ झोप.

आता हिशेब करू. सेलची क्षमता २००० मिलिअँपिअर-तास, जागेपणी प्रवाह १० मिलिअँपिअर आणि झोपेत ०.००५ मिलिअँपिअर धरू. सतत जागे ठेवल्यास सेल २०० तास, म्हणजे जेमतेम आठ दिवस पुरतील. दर ३० सेकंदांनी एक सेकंद जागवल्यास सुमारे आठ महिने. दर दहा मिनिटांनी जागवल्यास कागदावर दहा वर्षे! प्रत्यक्षात सेल आपोआपही उतरतात, त्यामुळे तितके टिकणार नाहीत.

मग किती वेळाने जागवावे? हे प्रोसेसर सांगत नाही, माती सांगते. ओलावा ३० सेकंदांत बदलत नाही. वर्गात मुलांना आधी तेवढेच विचारावे: जे मोजायचे, ते किती वेगाने बदलते? पुढचा हिशेब मुले स्वतः मांडतील.