पहिला नंबर कुणाचा?

टीव्हीवरून नवरा-बायकोत खटके उडणं ही काही नवलाची गोष्ट नाही. रिमोट कुणाच्या हातात, यावरून घरोघरी रोज महाभारत घडतं. पण आमच्या उचगावच्या घरात गेले तीन महिने जो वाद चाललाय, तो ऐकून शेजारच्या वहिनींनी कपाळाला हात लावला. वाद आहे १९६६ सालच्या एका अमेरिकन मालिकेचा. तिच्या पहिल्या पर्वात २९ भाग आहेत आणि त्यांत पहिला नंबर कुणाचा, यावर आमचं दोघांचं अजून जमलेलं नाही.

मालिकेचं नाव 'स्टार ट्रेक'. माझ्या वयाच्या मैत्रिणींना आठवत असेल. 'रामायण' सुरू झालं १९८७ च्या जानेवारीत. त्याच्या आधीच्या काळात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ही मालिका लागायची. एंटरप्राइज नावाचं अवकाशयान, त्यावर चारशेच्या वर माणसं, कॅप्टन कर्क, डॉक्टर मॅकॉय आणि टोकदार कानांचा, कधी न हसणारा स्पॉक. इंग्रजी आम्हा कुणालाच धड कळायचं नाही. तरी गल्लीतली निम्मी पोरं आमच्या दारात. सासूबाई भाकऱ्या थापता थापता विचारायच्या, "आज त्यो सशाच्या कानाचा आलाय का न्हाई?"

त्या मालिकेच्या डीव्हीडींचा संच मुलानं पुण्याहून पाठवला. कारण वेगळंच होतं. आमच्या ह्यांची सगळी नोकरी शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत गेली, तीही फेटलिंगला. म्हणजे ओतून काढलेल्या लोखंडी मालाच्या जादा कडा ग्राइंडरनं घासून काढायच्या. दिवसभर कर्कश आवाज आणि कानात फार तर कापसाचे बोळे. निवृत्त होईपर्यंत दोन्ही कान बरेच गेले होते. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. कानाच्या आत केसांसारख्या बारीक पेशी असतात. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज तासन् तास कानावर पडला की त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. म्हणजे शेजारच्या अण्णांचं जाड बोलणं कळतं, पण बायकोचं आणि नातवाचं कळत नाही. स, श, फ ही अक्षरं तर हवेतच विरतात. 'साखर' म्हटलं की 'काय घर?' असं होतं. नवरे ऐकून न ऐकल्यासारखं करतात असं आपण बायका नेहमी म्हणतो; त्यांतल्या निदान काहींचे कान एकदा तपासून घ्यावेत, असं माझं मत आहे.

मशीन आणलं. पण ते मशीन बायकोच्या आवाजाबरोबर कुकरची शिट्टी, भांड्यांचा आवाज, हायवेवरचे ट्रक सगळंच मोठं करतं. चार दिवसांत ते कपाटाच्या खणात गेलं. मग घरातलं बोलणंच आटत गेलं. प्रत्येक गोष्ट ओरडून सांगायची म्हटलं की साधं 'चहा घेता का' सुद्धा भांडणासारखं वाटतं. संध्याकाळी दोघं एकाच टीव्हीसमोर बसायचो, पण मालिका एकटी मीच बघायचे. हे नुसते चित्रं बघत बसायचे.

डीव्हीडीत खाली इंग्रजी अक्षरं येतात. हे आयटीआय झालेले, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. दोघांचं इंग्रजी मिळून एक पूर्ण इंग्रजी होतं, एवढंच. त्यामुळे चित्र थांबवायचं, वाचायचं, अर्थ लावायचा, पुढे जायचं. पन्नास मिनिटांचा भाग दीड तास चालायचा. आणि थांबवलं की बोलावंच लागायचं!

गुण द्यायची कल्पना माझी. जन्मभर पेपर तपासले, सवय जात नाही. मी दहापैकी गुण द्यायचे. ह्यांची पद्धत फाउंड्रीतली: ओके, रिवर्क, रिजेक्ट. एका जुन्या वहीत दोन रकाने आखले.

सुरुवातीलाच मतभेद. अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ ला दाखवलेल्या पहिल्या भागात मीठ खाऊन जगणारा एक प्राणी आहे. मीठ मिळालं नाही की तो माणसांच्या अंगातलं मीठ शोषून घेतो. मी सात गुण दिले, ह्यांनी रिजेक्ट. "मिठाचं एक पोतं ठेवलं असतं पुढ्यात, तर भाग पाच मिनिटांत संपला असता." या भागासाठी निर्मात्यांनी वेगळ्याच आकाराच्या मीठदाण्या आणल्या होत्या. पण त्या मीठदाण्या म्हणून कुणाला ओळखू येईनात, म्हणून त्यांची डॉक्टर मॅकॉयची हत्यारं करून टाकली! हे वाचल्यापासून डॉक्टर कुणाला तपासायला लागला की मला हसूच फुटतं. यानाची आपोआप सरकणारी दारंसुद्धा मागून माणसं ओढायची.

'बॅलन्स ऑफ टेरर' या भागाला दोघांनीही वर घेतलं. सुरुवातीलाच यानात एक लग्न लागत असतं आणि अक्षता पडायच्या आधीच हल्ल्याचा भोंगा वाजतो. शत्रूचं यान दिसत नाही, दोन्हीकडचे कप्तान नुसत्या अंदाजावर एकमेकांचा पाठलाग करतात. ह्यांना तो पाठलाग आवडला. मला शेवट. लढाईत अख्ख्या यानात एकच माणूस मरतो, तो नवरदेव. माझे नऊ, ह्यांचं ओके.

'स्पेस सीड' मध्ये खान नूनियन सिंग नावाचा खलनायक आहे. तो उत्तर भारतातला शीख असावा असं यानावरची इतिहासाची जाणकार बाई सांगते. काम करणारा नट रिकार्डो मोंटालबान, तो मेक्सिकोचा! पण रुबाब असा, की त्या रुबाबाला मी साडेआठ दिले. ती शहाणी बाई त्याच्यावर भाळते आणि यान त्याच्या हातात देते, त्याबद्दल दीड गुण कापला. हे म्हणाले, "शाळेत पण अशीच होतीस काय?"

बाईमाणसांना मालिकेनं काय दिलं, हा आमच्यातला जुना मुद्दा. सगळ्यांचे झगे आखूड, हे मला पटत नाही. पण दुसरी बाजूही आहे. मालिका जिथे तयार झाली त्या स्टुडिओची मालकीण ल्युसिल बॉल ही विनोदी नटी होती, आणि ती पाठीशी राहिली म्हणून मालिका उभी राहिली. यानावरची दळणवळण अधिकारी उहुरा झालेल्या निशेल निकोल्स पहिल्या पर्वानंतर मालिका सोडणार होत्या. त्यांना मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि म्हणाले, सोडू नका. तुमच्यामुळे लोकांना आमची माणसं बरोबरीनं काम करताना दिसतात. त्या थांबल्या. १९९२ मध्ये अवकाशात गेलेल्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन महिला मे जेमिसन यांनी आपली प्रेरणा म्हणून उहुराचंच नाव घेतलं.

आणि लेखिका डोरोथी फोंटाना. सेक्रेटरी म्हणून काम करता करता लिहायला लागलेली ही बाई नाव लावायची डी. सी. फोंटाना. बाई आहे म्हणून गोष्ट न वाचताच बाजूला पडू नये, एवढ्यासाठी. स्पॉक प्रेमात पडतो तो 'धिस साइड ऑफ पॅरडाइज' तिनंच लिहिलाय.

यावरून मला आपल्या कोल्हापूरची गोष्ट आठवली. जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही गोष्ट पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती लिहून काढली मंगलाताईंनी. कथेला पहिला नंबर मिळाला. मंगलाताई स्वतः गणितातल्या विदुषी. त्या २०२३ मध्ये गेल्या आणि २०२५ मध्ये नारळीकरही गेले. तिकडे बाईनं आपलं बाईपण झाकून लिहिलं, इकडे शास्त्रज्ञाचं नाव बायकोच्या अक्षराआड झाकलं. मला तरी त्या कथेच्या बक्षिसात अर्धा वाटा अक्षराचा वाटतो. हे म्हणतात, "अक्षराला गुण द्यायला ती काय शाळा होती?"

खरी ठिणगी पडली ती शेवटच्या दोन नावांवर. माझा पहिला नंबर 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर'. कर्क आणि स्पॉक १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये जातात. मंदीचे दिवस. तिथे एडिथ कीलर नावाची बाई गरिबांना जेवू घालते. कर्कचा जीव तिच्यावर जडतो. पण ती जगली तर तिच्या शांततेच्या चळवळीमुळे अमेरिका युद्धात उशिरा उतरणार आणि हिटलर जिंकणार. रस्त्यावर गाडी अंगावर येते, डॉक्टर तिला वाचवायला धावतो आणि कर्क त्याला घट्ट धरून ठेवतो. मी दहापैकी दहा दिले, जे मी शाळेत निबंधाला कधी दिले नाहीत.

ह्यांनी लिहिलं, रिवर्क.

ह्यांचा पहिला नंबर 'द डेव्हिल इन द डार्क'. एका ग्रहावरच्या खाणीत पन्नासावर कामगार मेलेत. दगड विरघळवून आरपार जाणारा एक प्राणी, होर्टा, त्यांना मारतोय. बोगदा पाहून हे पहिल्यांदा म्हणाले, "काय फिनिशिंग आहे! फेटलिंगच लागणार नाही." पुढे कळतं, की कामगारांनी गोल दगड समजून जे हजारो गोळे फोडले, ती तिची अंडी होती. ती आई आहे. मला वाटलं, हे आईच्या मायेवर बोलतील. त्यासाठी मीही साडेनऊ दिलेच होते.

पण हे चित्र थांबवून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ती सांगतच होती की. ह्यांना ऐकू येत नव्हतं, आणि राक्षस ठरली ती." थोड्या वेळानं, "त्या कानवाल्यानं जवळ जाऊन हात ठेवला, तेव्हा कळलं."

निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत स्वतःच्या कानांबद्दल ह्यांच्या तोंडून आलेलं हे पहिलं वाक्य. मी काही बोलले नाही. बोलले असते तर ओरडूनच बोलावं लागलं असतं.

तरीही मी नंबर बदललेला नाही. दया येऊन गुण वाढवले तर तो पेपर तपासणं नव्हे. ह्यांनाही ते चालणार नाही. शेवटच्या नंबरावर मात्र एकमत आहे. 'द ऑल्टरनेटिव्ह फॅक्टर' मला एक गुण देण्याइतकाही कळला नाही आणि ह्यांनी त्यापुढे लाल पेनानं लिहिलं, "परत वितळवा."

मशीन आता डीव्हीडीच्या वेळी खणातून बाहेर येतं. कारण विचाराल तर यानाच्या इंजिनाची घरघर ऐकायचीय. एरवी अजून नाही. परवा भाग चालू असताना कुकरची शिट्टी झाली आणि हे दचकून म्हणाले, "झाली गं तिसरी!" मी गॅस बंद केला.

दुसऱ्या पर्वाचे २६ भाग आहेत. पहिल्याच भागात म्हणे स्पॉकचं लग्न आहे आणि नवरी ऐनवेळी दुसऱ्यासाठी अडून बसते. ह्यांनी भाग बघायच्या आधीच वहीत 'ओके' लिहून ठेवलंय. मी ते खोडलंय.