गळ टाकण्याआधी

दसरा-दिवाळीची सुट्टी जवळ आली, की घराघरांत बेत शिजायला लागतात. देवदर्शन झालेलं असतं, मामाच्या गावाला जाऊन झालेलं असतं. मग कुणीतरी टूम काढतं, ‘‘चला, यंदा धरणावर जाऊ. गळ टाकू, मासे पकडू, तिथेच रस्सा करून खाऊ!’’ पुरुषमंडळी काठ्या-दोऱ्यांच्या मागे लागतात, मुलं गांडुळं शोधायला परसात पळतात. आणि आपण? आपण डबे, चादरी, औषधं, मुलांचे जादा कपडे यांच्या यादीत गुरफटतो. सहल सगळ्यांची, तयारी मात्र आपली. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय ना?

मैत्रिणींनो, तयारी आपल्याकडे आहेच, तर ती डब्यांपाशी का थांबवायची? कुठे जायचं, कधी जायचं, कुणाला विचारून गळ टाकायचा, कोणता मासा ठेवायचा, कोणता सोडायचा हेही आपणच ठरवूया. कारण ज्या काठावर आपण दोन दिवसांसाठी जातो, तिथे आपण पाहुणे असतो. पाहुण्यानं घरमालकाला विचारल्याशिवाय त्याच्या फडताळाला हात लावायचा नसतो, हे आपण मुलांना शिकवतोच की!

उदाहरणासाठी सगळ्यांच्या ओळखीचं भंडारदरा घेऊ. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर हे धरण १९२६ साली पूर्ण झालं. एका बाजूला कळसूबाई, दुसऱ्या टोकाला रतनवाडीचं अमृतेश्वराचं जुनं दगडी मंदिर आणि मध्ये अकरा टीएमसी पाणी. मुंबई-नाशिककडून येणाऱ्यांनी घोटी, बारीमार्गे शेंडी गाठायचं, पुण्याकडच्यांनी संगमनेर, अकोले, राजूर असं यायचं. रेल्वेनं यायचं तर इगतपुरीला उतरायचं. गाव ठरलं, गाडी ठरली, म्हणजे बेत झाला असं आपल्याला वाटतं. खरा बेत इथून सुरू होतो.

तळं कुणाचं?

‘पाणी सरकारचं, त्यात कुणीही गळ टाकावा’ असा आपल्याकडे सर्रास समज आहे. तो काढून टाकायला हवा. राज्यातल्या बहुतेक धरणांचे जलाशय मत्स्यव्यवसाय विभाग मासेमारीसाठी ठेक्यानं देतो आणि त्यात स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य असतं. या संस्था मत्स्यबीज विकत आणून पाण्यात सोडतात. बोटाएवढी पिल्लं, म्हणून त्यांना नावही किती गोड, बोटुकली! ती वाढली, विकली गेली, की त्या पैशांत काठावरच्या घरांच्या चुली पेटतात, मुलांच्या फिया भरल्या जातात. म्हणजे ज्याला आपण ‘रानचा मासा’ समजतो, तो पुष्कळदा कुणीतरी पेरलेलं पीक असतो.

म्हणून निघायच्या आधी दोन ठिकाणी विचारायचं. एक, जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांच्या कार्यालयात. दुसरं, त्या जलाशयाचा ठेका ज्या संस्थेकडे आहे तिथे. हौसेखातर गळ टाकायचाय, किती जण आहोत, किती दिवस राहणार, हे सरळ सांगावं. काही शुल्क असेल तर भरून पावती घ्यावी. ‘नाही’ म्हणाले तर तेही मान्य करावं.

भंडारदऱ्याला आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. या भागात १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. रतनवाडीकडे जाताना वनखात्याचा नाका लागतो. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय गळ टाकायचा नाही. तळं एकच असलं तरी प्रत्येक काठाचा नियम एक नसतो, म्हणून नेमकी जागा आधी विचारून ठेवलेली बरी. धरणाच्या भिंतीजवळ आणि दरवाजांपाशी तर फिरकूच नये.

केव्हा जायचं?

पावसाळ्यात अजिबात नको. एक तर रोहू, कटला, मृगळ ही आपल्या ओळखीची मंडळी त्या दिवसांत अंड्यावर असतात. त्या वेळी एक मादी उचलली म्हणजे पुढची सगळी पिढी उचलली. मरळीचं तर बघण्यासारखं असतं. पाण्यावर बारीक लालसर पिल्लांचा पुंजका हलताना दिसतो आणि त्याच्या खाली आई-बाप राखण करत फिरत असतात. अशा वेळी त्यांना गळावर घेतलं, तर ती पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. आपल्यातल्या कुठल्या बाईला हे बघवेल?

दुसरं कारण आपल्या जिवाचं. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. ती माणसंही आपल्यासारखीच सुट्टीचा दिवस घालवायला गेली होती. डोंगरातलं पाणी बघता बघता वाढतं, सांगून वाढत नाही.

दसरा झाला, पाणी निवळलं, की जावं. ऐन थंडीत मासा सुस्तावतो, चारा कमी घेतो. पुन्हा फाल्गुन-चैत्रात ऊन वाढलं, की तो हालचाल करू लागतो. दिवसातली वेळ म्हणाल तर पहाट आणि संध्याकाळ. भर दुपारी काठावर बसून फक्त डोकं तापतं!

गळाला काय लागेल?

नवख्यांसाठी सगळ्यात सोपी चिलापी. ही मूळची आफ्रिकेची, आपल्या देशात १९५२ साली आली आणि आता जागोजागच्या तळ्यांत पसरली. गांडूळ किंवा कणकेची गोळी लावली तरी गळाला येते. पाठीवरचे काटे मात्र टोकदार असतात, मुलांना हातात देताना जपून. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. त्यामुळे दोऱ्यावरचं बूच वर-खाली सरकवून आमिष किती खोल सोडायचं, ते ठरवता येतं. एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

महागडी काठी-चरखी कशाला? सरळ बांबू, नायलॉनचा दोरा, बूच, शिशाचा मणी आणि दोन-चार गळ एवढं पुरतं. गळाला उलटा काटा असतो. तो बोटात रुतला तर ओढून काढायचा नाही, थेट डॉक्टरकडे जायचं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. तुटलेला दोरा काठावर टाकून येऊ नका. त्यात पाणपक्ष्यांचे पाय अडकतात.

लहान मासा लागला तर हात ओला करून अलगद सोडवायचा आणि पाण्यात धरून ठेवायचा. तो स्वतःहून निसटला, की झालं. कोरड्या हातानं धरलं तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडूनही तो जगत नाही. घरात जेवढी ताटं, तेवढेच मासे ठेवायचे. फ्रीज भरायला आलेलो नाही आपण! आणि सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणाऱ्यांच्या नादाला कुणी लागत असेल, तर त्याला ठणकावून सांगा, १८९७ च्या कायद्यापासून तो गुन्हा आहे.

पाण्याशी खेळ नको

धरणाचं पाणी वरून शांत दिसतं. पण तळाशी काय असतं? पूर्वीची शेतं, बांध, झाडांची खोडं आणि वर्षानुवर्षांचा गाळ. कालव्यांना पाणी सोडलं, की पातळी उतरते आणि काठाची जमीन कोरडी वाटू लागते. वर पापुद्रा, खाली चिखल. पाय पडला, की गुडघ्यापर्यंत आत. म्हणून मुलांना लाइफ जॅकेट हवंच, होडीत बसायचं तर मोठ्यांनाही हवं. नावाड्याकडे नसेल तर त्या होडीत पाय ठेवायचा नाही, मग कुणी कितीही चेष्टा करो. आपणही त्या दिवशी सलवार-कमीज घालावी. ओली साडी पायांत अडकते आणि जड होते.

पंधरा-वीस हात लांब मजबूत दोर सोबत ठेवा. कुणी पाण्यात पडलं तर पोहता न येणाऱ्यानं उडी मारायची नाही. दोर फेकायचा, नसेल तर ओढणी फेकायची आणि काठावर आडवं पडून ओढायचं. ११२ आणि १०८ हे नंबर मुलांनाही पाठ असू द्यात. डोंगरात सगळीकडे रेंज मिळत नाही, म्हणून ती कुठे मिळते ते पोहोचल्याबरोबर बघून ठेवा.

आणि बाटली? ती गाडीतच नको. ‘थोडीशी घेतली तर काय होतंय’ म्हणणाऱ्याला पाण्याच्या काठावर जागा नाही, ही अट निघायच्या आधीच सांगून टाका. तिथे गेल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

काठावरच्या बाया

भंडारदऱ्याच्या परिसरात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. नावात कोळी असलं तरी महादेव कोळी ही डोंगरातली शेती करणारी माणसं. भात, नाचणी, वरई ही त्यांची पिकं. काठच्या गावांत घरगुती जेवण करून देणाऱ्या बाया आहेत. आपण शहरातून पाव, बिस्किटं, बाटलीबंद पाणी लादून नेण्यापेक्षा त्यांच्याकडे भाकरी-रस्सा सांगावा. आदल्या दिवशी फोन करून ताटं किती ते कळवावं, म्हणजे तिची धावपळ होत नाही. दर आधी विचारावा आणि मग घासाघीस करू नये. आपण घरी रांधतो त्याचा मोबदला कुणी देत नाही, निदान तिच्या कष्टाचा तरी द्यावा. कुठे मासा लागतो, कुठे गाळ आहे, कुठल्या वळणावर पाणी खोल आहे, हे सगळं तिला ठाऊक असतं. चहा पिता पिता विचारलं, तर ती आनंदानं सांगेल.

ताटं तिच्याकडे सोपवली म्हणजे आपले हात मोकळे झाले. मग एक काठी आपल्यासाठीही मागून घ्या. मासे पकडणं हे पुरुषांचं काम, असं कुणी ठरवलं? तास-दीड तास बुचावर नजर ठेवून गप्प बसायला जो धीर लागतो, तो आपल्याकडे कमी आहे का? मुलींच्या हातातही काठी द्या. आमिष लावताना ‘ई’ करतील, करू द्यात. दुसऱ्यांदा स्वतःच लावतील.

सुट्टीला अजून अवकाश असेल तर बरंच. डब्यांची यादी नंतर करा. पहिला फोन मत्स्यव्यवसाय कार्यालयाला, दुसरा संस्थेला, तिसरा शेंडीच्या त्या जेवण करून देणाऱ्या ताईला. तिघांचा होकार आला, की मग खुशाल कणीक मळायला घ्या. थोडी आपल्या पोळ्यांसाठी, थोडी गळासाठी!