ढग कुणाच्या मालकीचा?



पाऊस लांबला की पारावर एक प्रश्न हमखास निघतो, "साहेब, विमानानं ढग पळवतात म्हणे. खरं का?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेत त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि कायदेही झाले.

टेक्सास राज्यात शेतकऱ्यांनी गारांपासून पीक वाचावे म्हणून विमानाने ढगांवर फवारणी करविली. जेफ डेव्हिस परगण्यातील पशुपालक चिडले. "आमच्या कुरणावरचा पाऊस यांनी मोडला," म्हणून ते १९५८ साली कोर्टात गेले. कोर्टाने त्यांच्या जमिनीवरील ढगांत फवारणीस मनाई केली आणि १९५९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पुढे १९६७ साली तेथे कायदा आला : परवाना काढा, जाहीर नोटीस द्या, मगच फवारा.

टेनेसीने २०२४ साली आणि फ्लोरिडाने २०२५ साली निराळी वाट धरली. हवामान बदलण्यासाठी आकाशात काही सोडण्यासच त्यांनी बंदी केली. फ्लोरिडात शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैद व १ लाख डॉलरपर्यंत दंड. या बंदीमागे एक संशयही होता, की जेट विमानामागचे पांढरे पट्टे म्हणजे विषारी फवारे. वास्तविक इंजिनातून निघालेली वाफ वरच्या थंडीत गोठते, तोच तो पट्टा.

आपल्याकडेही २००३ व २०१५ च्या टंचाईत राज्य शासनाने कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. नंतर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर भागात शास्त्रीय चाचणी घेतली. तेथे सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के पाऊस वाढल्याचे आढळले. पण ध्यानात ठेवा, बियाणे कितीही चांगले असले तरी वाफसा नसलेल्या रानात ते उगवत नाही. तसेच पाणीदार ढग नसेल तर फवारणीही वाया जाते. कोरड्या आभाळातून पाऊस पाडणारे विमान अजून निघालेले नाही.

माझ्या मते, सरसकट बंदीपेक्षा परवाना आणि नोंदीची वाट बरी. उद्या तुमच्या शिवारावर विमान फिरले तर विचारा : परवानगी कुणाची? कोणत्या दिवशी, कोणत्या ढगावर फवारले? पाऊस किती वाढला, आणि तो कुणी मोजला?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याही हाती असू द्या. गावात पर्जन्यमापक बसवा, रोज सकाळी साडेआठला आकडा वहीत टिपा. जवळ वही असली म्हणजे कुणी पाऊस पाडल्याची फुशारकी मारो की पळवल्याचा आरोप करो, दोन्ही तपासता येतील.