नाल्यातील दगड आणि माणसाचा हात

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा विश्वस्त मंडळींचा आग्रह झाला, तेव्हा विषय शोधण्यास मला दूर जावे लागले नाही. तो माझ्या टेबलाच्या खणातच पडून होता.

काही वर्षांपूर्वी पावसाळा ओसरल्यावर नववीतील एक विद्यार्थी तापीला मिळणाऱ्या नाल्यांतून पिशवीभर दगड घेऊन आला. "सर, आदिमानवाची हत्यारे!" त्याचा आनंद पाहून मलाही मोह आवरला नाही. दगड धुऊन टेबलावर मांडले आणि "होय, हत्यारेच!" असे वर्गाला ठासून सांगितले. पुढे ग्रंथ चाळले, जाणकारांना विचारले, तेव्हा माझी घाई ध्यानात आली. बहुतेक दगड निव्वळ दगड होते. तीच चूक दुसऱ्याकडून होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

नदीनाल्यांत अशी हत्यारे सापडतात, यात शंका नाही. इ. स. १८६३ मध्ये भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरम येथे दगडी हत्यार मिळाले आणि भारतातील अश्मयुगाच्या अभ्यासास प्रारंभ झाला. पुढे १९५४ पासून डॉ. ह. धी. सांकळिया यांनी प्रवराकाठी नेवासे येथे नदीच्या थरांतून दगडी हत्यारे उजेडात आणली. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे १९७२-७३ साली उत्खनन झाले. तेथे दगडी हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्याचे नक्षी कोरलेले कवचही मिळाले. ते सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे मानले जाते.

आता ओळखण्याची रीत पाहू. आपल्या भागातील काळा दगड ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनलेला आहे. त्याच्या पोकळ्यांत अकीक, गारगोटी यांसारखे कठीण दगड तयार होतात. असे बारीक कणांचे दगड हत्यारांसाठी विशेष सोयीचे, कारण त्यांवर नेमका घाव घातला की काचेसारखी धारदार कपची निघते. या कपचीला छिलका म्हणतात. जेथे घाव बसला त्याच्या लगत छिलक्याच्या आतील अंगावर एक लहानसा फुगवटा येतो आणि तेथून शिंपल्यावरील रेषांसारख्या लहरी पसरतात. ही पहिली खूण.

परंतु एवढ्यावर निकाल देऊ नये. पुरात दगडावर दगड आपटूनही कपच्या उडतात. निसर्गाचे घाव मात्र वेडेवाकडे, कोठेही पडलेले असतात. माणसाच्या घावांत हेतू दिसतो. एकामागून एक छिलके एकाच कडेवरून, ओळीने काढलेले असतात. हातकुऱ्हाडीत हे काम बहुधा दोन्ही अंगांनी केलेले असते, आणि तासणीची कड बारीक घावांनी घडवलेली असते. ही दुसरी खूण. तिसरी खूण सोबतीची. हत्यार घडवताना पुष्कळ कपच्या पडतात, म्हणून एकट्या दगडापेक्षा एकाच जागी मिळालेले अनेक घडीव दगड अधिक विश्वासार्ह होत.

फसवणारे दगडही माहीत असावेत. काळा दगड हवापाण्याने कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो आणि त्याचा एखादा तुकडा हुबेहूब कुऱ्हाडीच्या पात्यासारखा दिसतो. रस्त्याच्या गिट्टीवर यंत्राच्या घावांचे ताजे छिलके निघालेले असतात. शिवाय आगपेट्या घरोघरी येण्यापूर्वी चकमकीने विस्तव पाडीत. माझी दादी तिच्या वडीलधाऱ्यांच्या चकमकीची आठवण सांगत असे. तेव्हा घाव घातलेली प्रत्येक गारगोटी आदिमानवाची नव्हे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. दगडाचे वय दगडावर लिहिलेले नसते. ते बहुधा तो ज्या थरात पुरला होता त्यावरून, आणि त्या थरातील इतर वस्तूंवरून ठरते. नाल्याच्या पात्रातील दगड वरून वाहत आलेला असतो. त्याचे मूळ घर काठाच्या दरडीत, एखाद्या वाळूगोट्यांच्या थरात असू शकते. म्हणून हत्यार वाटले तर ते जागीच राहू द्यावे. शेजारी नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे, मोबाइलवर जागेची नोंद करावी, दरड उकरू नये, आणि पुरातत्त्व विभागास किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील अभ्यासकांस कळवावे.

त्या पिशवीतील दोन तुकडे मला आजही खरे वाटतात. फुगवटा आहे, कडेवर ओळीने घाव आहेत. पण ते कोणत्या नाल्यातून, कोणत्या वळणावरून आले, हे कोणीच सांगू शकत नाही. मुलाने तीन नाले पालथे घातले होते. मी त्याला त्या दिवशी जागा विचारली नाही, आणि धुताना दगडांना चिकटलेली मातीही गेली. पुढे तो शिकून बाहेरगावी नोकरीस लागला. एकदा भेटला तेव्हा विचारले, तर त्यालाही आठवेना. हजारो वर्षे जपून राहिलेली साक्ष मी एका तासात पुसून टाकली.

तेव्हा मुलांनी दगड आणला तर त्यांना हसू नये, आणि लगेच मानही डोलावू नये. आधी एवढेच विचारावे, "बाळ, हा नेमका कोठे पडला होता? चल, मला ती जागा दाखव."